आळ इंजेक्शनवर, दुखणं सांध्याचं

“सिझरच्या वेळी मणक्यात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून माझी कंबर गेली. आता ही अशीच राहणार का?”

ठाण्यात वर्तकनगरच्या म्हाडाच्या जुन्या, बिनलिफ्टच्या इमारतींत काय किंवा पोखरण रोडवरच्या नव्या टॉवरांत काय, बाळंतिणींचा हा प्रश्न ठरलेला. विचारणारीच्या बाळंतपणाला दोन-तीन महिने झालेले असतात. घरात उत्तरांना तोटा नसतो. सासूबाई म्हणतात, “सव्वा महिना नीट शेक घेतला नाहीस.” आईला वाटतं, डिंकाचे लाडू कमी पडले. शेजारच्या काकू इंजेक्शनवर खापर फोडतात. आणि यातलं काहीच पटलं नाही, तर “बाळंतपणानंतर कंबर दुखायचीच, आमची नाही का दुखली?” हे ठेवणीतलं उत्तर आहेच. माझं भांडण या शेवटच्या उत्तराशी आहे. कारण ते ऐकून बाई गप्प बसते, आणि ज्या दुखण्याला नाव आहे, तपासण्या आहेत, उपचार आहेत, ते अंगावर काढते.

इंजेक्शनचा विषय आधी संपवू. सुई टोचलेली जागा काही दिवस ठणकते, हे खरं. पण बाळंतपणात पाठीत असं इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना करून झालेली आहे आणि पुढे टिकणाऱ्या कंबरदुखीत दोन्ही गटांत फरक आढळलेला नाही. पाठीला सुई लागलीच नाही अशा, नॉर्मल बाळंतपण झालेल्या बायकाही हीच तक्रार सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात साधारण चारातलं एक बाळंतपण सिझेरियननं होतं. इंजेक्शन घेतलेल्या बायका पुष्कळ, दुखऱ्या कंबराही पुष्कळ, मग दोहोंची गाठ मारली जाणं साहजिक आहे. पण “पहिल्यांदा कधी दुखलं?” असं नीट विचारलं की अनेकींकडून उत्तर येतं, “सातव्या महिन्यातच कूस बदलताना चमक यायची.” तेव्हा इंजेक्शन कुठे होतं?

१. बोट ठेवून दाखवा

‘कंबर’ हा शब्द आपण बरगड्यांच्या खालपासून मांड्यांपर्यंत कशालाही वापरतो. म्हणून चांगला फिजिओथेरपिस्ट पहिली गोष्ट सांगतो ती अशी: एका बोटानं जागा दाखवा. बाईनं पाठीच्या मधोमध, मणक्यावर बोट ठेवलं तर गोष्ट वेगळी. पण बहुतेक बाळंतिणींचं बोट जातं ते बरंच खाली आणि एका बाजूला. पाठीमागे, कुल्ल्यांच्या वर, दोन बारीक खळ्या दिसतात ना, तिथे. किंवा त्यांच्या किंचित खाली आणि आत. तिथून कळ कुल्ल्यात उतरते, कधी मांडीच्या मागच्या बाजूला जाते. काहींचं बोट पुढे जातं, ओटीपोटाच्या अगदी खाली, जिथे पुढचं हाड हाताला लागतं तिथे. काहींना पुढे-मागे दोन्हीकडे दुखतं.

या जागा सांध्यांच्या आहेत. आपला कटिभाग म्हणजे हाडांचं एक कडं. दोन बाजूंना दोन रुंद नितंबास्थी, मागे त्यांच्या मधे बसवलेलं त्रिकोणी हाड म्हणजे त्रिकास्थी, आणि तिच्या शेपटाला माकडहाड. नितंबास्थी मागे त्रिकास्थीला दोन ठिकाणी जुळतात. या सांध्यांना डॉक्टर मंडळी ‘एसआय जॉइंट’ म्हणतात. पुढे त्या एकमेकींना एका कूर्चेच्या गादीनं जोडलेल्या असतात. म्हणजे कड्याला एकूण तीन जोड. डोकं, धड, हात आणि कडेवरचं मूल यांचा सगळा भार या कड्यातून दोन पायांत वाटला जातो. गुडघा किंवा खांदा जसा हलतो तसे हे सांधे हलत नाहीत. मागच्या सांध्यांची हालचाल एरवी दोन-चार अंशांच्या आत, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही इतकी.

गरोदरपणात शरीर या कड्याला थोडी मोकळीक देतं, कारण बाळाला तिथूनच बाहेर यायचं असतं. ही मोकळीक देणाऱ्या संप्रेरकांपैकी एकाचा माग फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९२६ साली गिनीपिगवर प्रयोग करताना लागला. त्याचं पुढे रूढ झालेलं नाव रिलॅक्सिन. पुढच्या जोडातलं अंतर एरवी ४-५ मिलिमीटर असतं; गरोदरपणात ते आणखी २-३ मिलिमीटरनं वाढतं. तेवढं चालतं. १० मिलिमीटरच्या वर गेलं तर मात्र जोड उसवला असं धरतात, आणि तो प्रकार क्वचितच घडतो.

इथे एक गोम आहे. ही मोकळीक प्रत्येक गरोदर बाईला मिळते, पण गरोदरपणात कटिसांध्यांचं दुखणं होतं ते पाचातल्या साधारण एकीला. त्यातल्या बहुतेकींचं बाळंतपणानंतर पहिल्या तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. थोड्याजणींचं मागे राहतं, कधी वर्षानुवर्षं. सांधा सैल झाला म्हणून दुखलं, इतका सोपा हिशेब असता तर सगळ्याच कण्हत बसल्या असत्या. रक्तातलं रिलॅक्सिन आणि दुखण्याची तीव्रता यांचाही नीट मेळ बसत नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांना दिसलं ते असं की दोन्ही बाजू सारख्या सैल असतील तर फारसं बिघडत नाही. एक बाजू सैल आणि दुसरी घट्ट असेल तिथे दुखण्याचं प्रमाण जास्त. दुसरं कारण स्नायूंचं, आणि उपचाराचा सगळा डाव त्याच्यावरच आहे.

२. आडव्या धरलेल्या विटा

वर्तकनगरात जुन्या इमारती पाडून नव्या बांधायचं काम चालू असतं. तिथला बिगारी विटा कशा उचलतो ते पाहा. चार-पाच विटा एका आडव्या ओळीत घेतो, दोन्ही टोकांना तळवे लावतो, दाबतो आणि ओळच्या ओळ उचलतो. मधल्या विटेला कोणी धरलेलं नसतं, खालून आधारही नसतो. ती राहते ती फक्त दोन्हीकडच्या दाबावर. हात थकले, दाब सैलावला, की आधी मधली वीट घसरते.

त्रिकास्थी ही मधली वीट समजा. तिच्या आणि बाजूच्या हाडांच्या पृष्ठभागांवर उंचवटे-खळगे असतात, ते एकमेकांत बसतात. भक्कम अस्थिबंध असतात. पण भार पेलताना खरा दाब देतात ते स्नायू: पोटाला आडवा वेढा घालणारा सगळ्यात आतला स्नायू, मणक्यालगतचे आखूड स्नायू, कुल्ल्यांचे मोठे स्नायू, वर श्वासपटल आणि खाली कटितळाचे स्नायू, म्हणजे लघवी रोखताना आपण आवळतो ते. पाय उचलायच्या आत, आपल्या नकळत, हे सगळे थोडेसे आवळले जातात आणि कडं घट्ट होतं. मग पाय उचलला जातो.

बाळंतिणीत अस्थिबंध सैल पडलेले असतात, म्हणजे दाब जास्त हवा. आणि नेमके तळवे अशक्त असतात: पोटाचे स्नायू नऊ महिने ताणलेले, कटितळ प्रसूतीत ताणला किंवा फाटलेला, सिझेरियन असेल तर टाक्यांच्या भीतीनं पोट वापरणंच बंद. शिवाय झोप नाही. दाब उशिरा येतो, कमी येतो, आणि पाऊल टाकताना सांध्याला हिसका बसतो. काही बायकांचं याच्या उलट होतं. दुखेल या धास्तीनं त्या पोट, कुल्ले, कटितळ दिवसभर आवळून ठेवतात. हातही सतत आवळून धरले तर भरून येतात. तसे हे स्नायू दुखू लागतात. अशीला आवळण्याचा व्यायाम दिला तर दुखणं वाढेल. तिला आधी सैल सोडायला शिकवावं लागतं.

३. पाय वीतभर उचला

तपासणीतली सगळ्यात बोलकी चाचणी घरच्या पलंगावरही समजून घेता येते. उताणं झोपायचं, पाय सरळ, पावलांत वीतभर अंतर. गुडघा न वाकवता एक पाय पलंगापासून २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर, वर उचलायचा. मग दुसरा. प्रत्येक पाय किती जड वाटला त्याला गुण द्यायचे: अजिबात जड नाही तर ०, किंचित जड १, थोडा २, बऱ्यापैकी ३, खूप जड ४, उचललाच जात नाही तर ५. दोन्ही पायांची बेरीज, म्हणजे ० ते १०.

समजा, तिसऱ्या मजल्यावर राहणारी, अडीच महिन्यांची बाळंतीण आहे. उजवा पाय ३, डावा १. बेरीज ४. आता फिजिओथेरपिस्ट तिच्या दोन्ही नितंबास्थी बाजूंनी तळहातांनी दाबून धरतो आणि पुन्हा पाय उचलायला सांगतो. उजवा पाय एकदम हलका होतो: १. डावा ०. बेरीज ४ वरून १ वर आली. बाईच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटतं, कारण पाय तोच, ताकदही तीच. बाहेरून दाब दिल्यावर पाय हलका होतो, याचा अर्थ आतला दाब कमी पडतोय. म्हणजे दाब शिकवणारे व्यायाम आणि तोवर पट्टा, या दोन्हींचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. दाबल्यावर पाय जास्त जड झाला किंवा जास्त दुखलं, तर दिशा वेगळी. दीड महिन्यानंतर हीच चाचणी पुन्हा करून गुण कमी झाले का ते पाहता येतं. ‘थोडं बरं वाटतंय’ यापेक्षा हा हिशेब पक्का.

दुसऱ्या एका चाचणीत गुडघा छताकडे करून मांडीच्या हाडातून खाली हलका दाब देतात. ओळखीची कळ कुल्ल्यात उठली तर बोट मागच्या सांध्याकडे जातं. एका पायावर उभं करूनही पाहतात. सलवार घालताना भिंत धरावी लागते का, हा प्रश्न त्याच चाचणीचा घरगुती भाऊ. एकाच चाचणीवर निदान करत नाहीत. तीन-चार मिळून चित्र उभं राहतं. एक्स-रे आणि एमआरआय बहुतेकींना लागत नाहीत.

४. ‘हाड सरकलंय’ म्हणणाऱ्यांविषयी

हाडं बसवून देणारे गावोगावी आहेत, शहरांतही आहेत. “एक बाजू वर सरकलीय,” असं सांगून ते कट्‌कन आवाज काढतात आणि बाईला तात्पुरतं हलकं वाटतं. स्वीडनमध्ये १९९८ साली या दाव्याची फार सुरेख परीक्षा झाली. दहा रुग्णांच्या हाडांत बारीक मणी बसवून, अतिशय अचूक एक्स-रे तंत्रानं मागच्या सांध्याची जागा हाताळणीच्या आधी आणि नंतर मोजली. हातानं तपासणाऱ्यांना वाटलं, सांधा जागेवर आला. मोजमाप म्हणालं, हाड जागचं हललेलंच नाही. हाताळणीनं आराम पडत नाही असं यातून निघत नाही. स्नायू सैल पडतात, वेदनेची जाणीव कमी होते, आणि जाणत्या हातांनी केलेली हलकी हाताळणी उपचाराचा भाग असू शकते. पण सरकलेलं हाड पुन्हा पुन्हा बसवत राहण्याला काही अर्थ उरत नाही. आणि ‘माझं हाड सारखं निखळतं’ ही भीती डोक्यात बसली की बाई हलायचंच टाळते. तो तोटा वेगळाच.

५. व्यायाम, पण कोणाचा?

नॉर्वेमध्ये २००४ साली ब्रिट स्टूगे यांच्या गटानं बाळंतपणानंतर कटिसांधे दुखणाऱ्या ८१ बायकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना फिजिओथेरपी दिली. फरक एवढाच की एका गटात भर होता तो कड्याला दाब देणाऱ्या स्नायूंना नेमकं कामाला लावणाऱ्या व्यायामांवर, वीस आठवडे. त्या गटाचं दुखणं आणि अडलेली कामं दोन्ही स्पष्टपणे कमी झाली, आणि दोन वर्षांनंतरही हा फायदा टिकून होता.

एवढ्यावर थांबलं तर गोष्ट फार गोड होईल. नेदरलँड्समध्ये २००० साली ४४ बायकांवर झालेल्या अभ्यासात धडाच्या तिरप्या स्नायूंचे व्यायाम आठ आठवडे करून काहीही फायदा दिसला नव्हता. स्वीडनमध्ये २०१० साली प्रामुख्यानं घरी करायच्या व्यायामांचा अभ्यास झाला, त्यातही ठळक फरक आढळला नाही. मग खरं काय? मला उत्तर तपशिलात दिसतं. नेदरलँड्समधल्या बायकांना व्यायाम शिकवले होते व्हिडिओ कॅसेटवरून. नॉर्वेमध्ये प्रत्येकीला तपासून, तिच्या दुखण्याप्रमाणे व्यायाम बेतले, चुकला की सुधारले, झेपला की वाढवले. आज व्हॉट्सअॅपवर मावशीनं पाठवलेला ‘बाळंतपणानंतरचे दहा व्यायाम’ हा व्हिडिओ म्हणजे त्या कॅसेटचीच पुढची आवृत्ती आहे.

मग नेमकं काय करायचं असतं? सुरुवात इतकी साधी की बाईला वाटतं, फसवतायत. गुडघे दुमडून उताणं झोपायचं. श्वास घ्यायचा. सोडताना लघवी रोखल्यासारखं कटितळ अलगद वर ओढायचं आणि त्याबरोबर बेंबीखालचं पोट किंचित आत जाऊ द्यायचं. किंचित म्हणजे पूर्ण ताकदीच्या चौथाईनं वगैरे. श्वास अडकला, कुल्ले आवळले गेले, छाती वर आली, तर जोर जास्त झाला. बोटांची टोकं कमरेच्या पुढच्या टोकदार हाडांच्या जरा आत ठेवली तर तिथे हलकासा ताण बोटाला कळतो. फुगवटा लागला तर पुन्हा सुरुवात. पाच-दहा सेकंद धरायचं, आणि मग तेवढंच मनापासून सोडायचं. टाके दुखत नसतील तर हे पहिल्या काही दिवसांतही करता येतं. सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारून.

ते जमलं की त्याच्यावर हालचाल चढवायची. आधी दाब, मग हालचाल: एक टाच हळूच पुढे सरकवणं, एक गुडघा बाजूला नेऊन परत आणणं. पुढे कुल्ले उचलून पूल करणं, कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं. मग उभ्यानं: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, बाजूला पावलं टाकणं, एका पायरीवर चढ-उतार. शेवटी खरं काम, म्हणजे बाळाला जमिनीवरून उचलणं, भरलेली बादली, पिठाचा डबा. पुढच्या जोडाचं दुखणं असेल तर पाय फाकवण्याचे व्यायाम मागे ठेवतात.

किती दुखलं तर चालेल, हा प्रश्न रास्त आहे. ढोबळ नियम असा: व्यायामानंतर जरा जाणवलं आणि रात्रीपर्यंत शांत झालं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात कूस बदलताना कालच्यापेक्षा जास्त चमकलं, तर एक पायरी खाली या. व्यायाम सोडू मात्र नका. “व्यायामानं दूध आटतं” असंही ऐकवतात. बेतानं केलेल्या व्यायामानं दूध कमी होत नाही.

६. पट्टा, आणि आजीनं बांधलेलं पोट

आपल्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या मऊ सुती लुगड्यानं बांधायची पद्धत आहे. दुकानांत मिळणारा रुंद पोटपट्टा हा त्याचाच वेल्क्रोचा अवतार. कटिसांध्यांसाठीचा पट्टा मात्र वेगळा: चार बोटांचा अरुंद, आणि पोटावर नव्हे तर हाडांवर बांधायचा. मागचे सांधे दुखत असतील तर कमरेच्या पुढच्या टोकदार हाडांच्या लगेच खालून. पुढचा जोड दुखत असेल तर आणखी खाली, खुब्यांच्या उंचवट्यांवरून. बिगाऱ्याच्या तळव्यांचं काम तो बाहेरून करतो.

पोट बांधल्यानं बाईला आधार वाटतो, खोकताना-शिंकताना टाक्यांना बरं पडतं, तेव्हा हलकं बांधायला हरकत नाही. ‘पोट आत जावं’ म्हणून श्वास कोंडेल इतकं आवळलं, की आतला दाब खाली, आधीच ताणलेल्या कटितळावर येतो. कटिपट्टाही उभं राहताना, चालताना वापरायचा, झोपताना काढायचा. आणि स्नायू कामाला लागले की हळूहळू सोडायचा. सहा महिने झाले तरी पट्ट्याशिवाय पाऊल टाकवत नसेल, तर व्यायामाची तालीम कुठेतरी कमी पडतेय.

७. जिना, रिक्षा आणि कडेवरचं मूल

दवाखान्यात अर्धा तास आणि घरात साडेतेवीस. त्यामुळे घरातल्या सवयी बदलल्या नाहीत तर व्यायाम हरतो.

बिनलिफ्टच्या इमारतीत चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा धरून, गरज पडली तर एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकून. बाळ, पर्स आणि भाजीची पिशवी एकाच खेपेत नेण्याचा अट्टहास सोडावा. रिक्षात बसताना आपण एक पाय आत टाकून अंग ओढून घेतो, आणि कडं पिळवटतं. त्याऐवजी पाठ आत करून आधी सीटवर टेकायचं, मग गुडघे जुळवून दोन्ही पाय एकदम आत. उतरताना उलट. रिक्षावाल्याला स्पीडब्रेकर हळू घ्यायला सांगायला लाजू नये.

अंथरुणात कूस बदलताना गुडघे दुमडून एकमेकांवर दाबायचे आणि खांदे-कंबर-गुडघे एकत्रच वळवायचे. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. मांडी घालून, एका कुल्ल्यावर रेलून पाजण्यापेक्षा पाठीला आणि हातांना उशी देऊन खुर्चीत, किंवा कुशीवर झोपून पाजावं. पाटावर बसून, पाय पसरून, पायांवर बाळाला न्हाऊ घालण्याचं काम काही आठवडे दुसऱ्या कोणाकडे द्यावं. उकिडवं बसून फरशी पुसणं, भांडी घासणं थांबवावं. टू-व्हीलरवर एका बाजूला पाय सोडून बसू नये.

सगळ्यात मोठा गुन्हेगार कडेवरचं मूल. तान्हं अजून कडेवर बसत नाही, पण मोठं दोन वर्षांचं असतं, त्याला धाकट्याचा हेवा वाटतो आणि ते कडेवरून उतरत नाही. आई कंबर एका बाजूला काढून त्याला बसवते. सगळा भार एका सांध्यावर, तासन्‌तास, आणि बाजूही नेहमीची. त्याला बसून मांडीवर घ्या. उचलायचंच झालं तर समोरून, दोन्ही हातांनी, छातीशी.

हे सगळं लिहिणं सोपं आहे याची जाणीव ठेवून एक गोष्ट सांगायला हवी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात पक्क्या नोकरीवर असलेल्या बाईला ती आहे. तिच्या घरी लादी पुसायला येणारीला नाही. ‘उकिडवं बसू नका’ हा सल्ला दुसरीला देताना लांब दांड्याचा मॉप घेऊन देणं हे मालकिणीच्या हातात असतं, फिजिओथेरपिस्टच्या नव्हे.

८. करंट आणि मालिश

“दहा दिवस करंट घेतला, काही फरक नाही.” करंट म्हणजे स्नायूंवर पॅड लावून दिलेला सौम्य विद्युत्प्रवाह, किंवा शेकाचं यंत्र. यांनी वेदना काही वेळ दबते, आणि त्या वेळात व्यायाम करून घेतला तर उपयोगही होतो. पण हाडांच्या कड्याला दाब द्यायला कोणतंही यंत्र स्नायूंना शिकवत नाही. पॅड लावून वीस मिनिटं झोपवलं, एकदाही पाय उचलून पाहायला सांगितलं नाही, घरी करायला काही दिलं नाही, असं तिसऱ्या दिवसापर्यंत झालं असेल तर विचारा, “माझे व्यायाम कोणते?” उत्तर नसेल तर जागा बदला.

न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईचं मालिश सुखाचं असतं आणि बाळंतिणीला कोणी तासभर हात लावतंय हेही थोडं नाही. ते बंद करायचं कारण नाही. फक्त जोरानं पाय फाकवू देऊ नका, कमरेवर पाय देऊन उभं राहू देऊ नका, ताज्या टाक्यांजवळ रगडू देऊ नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. तिच्या धुरात जीव घेणारा वायू असतो. गरम पाण्याची पिशवी पुरते.

९. हे दुखणं ते नव्हे

काही खुणा दिसल्या तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव. एका पोटरीला सूज आणि ठणका. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागेचा बधिरपणा, पायातली शक्ती जाणं. यातलं काही असेल तर त्याच दिवशी. प्रसूतीत पुढून काहीतरी तुटल्यासारखं वाटून पायावर भारच देता न येणं. रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं. संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारं वजन. आपल्याकडे क्षयरोग सांध्यांत आणि मणक्यातही होतो, हे विसरून चालत नाही. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडलेली आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळी होणारी, हा सांध्यांच्या दाहाचा नमुना आहे. त्यासाठी संधिवाताचे डॉक्टर. दूध पाजण्याच्या काळात क्वचित हाडं ठिसूळ होऊन बारीक चीर जाते, तीही कंबरदुखी म्हणूनच समोर येते.

१०. कोणाकडे, केव्हा

भारतातलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते इथून तासाभराच्या लोकल प्रवासावर. मुंबईतल्या पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानं, परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ साली देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय निघालं. आज हा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्याची राज्य परिषदेकडे नोंदणी असावी लागते. दवाखान्याच्या भिंतीवर नोंदणी क्रमांक शोधा. बाळंतपणानंतरच्या दुखण्यांत काम करणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर उत्तम, कारण कटितळाबद्दल मोकळेपणानं बोलता येतं; खोकताना लघवी थेंबभर निसटते, हेही तिला सांगायचं असतं, कारण स्नायू तेच आहेत. खासगी फी झेपत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करावी.

अडचण अशी की स्वतःच्या कंबरेसाठी बाळंतीण घराबाहेर पडत नाही. बाळाच्या लसीसाठी मात्र पडते: दीड महिन्याला, अडीच महिन्यांना, साडेतीन महिन्यांना. त्या फेऱ्यांचा फायदा घ्या. बाळाचं कार्ड पुढे करताना डॉक्टरांना आपलं दुखणंही सांगा, कुठे दुखतं ते एका बोटानं दाखवा, कुठल्या हालचालीला चमकतं ते सांगा, आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागून घ्या.